एका विहिरीवरचे कैदी

आमच्या पिढीतल्या अनेकांनी उमर मुख्तार हे नाव पहिल्यांदा ऐकले ते 'लायन ऑफ द डेझर्ट' या चित्रपटामुळे. मुस्तफा अक्काद यांचा हा चित्रपट १९८१ साली आला आणि पुढे व्हिडिओ कॅसेटवर मोहल्ल्या-मोहल्ल्यांतून फिरला. मुलांना कुरआन शिकवणारा, चष्मा लावणारा एक म्हातारा उस्ताद इटलीच्या रणगाड्यांपुढे उभा राहतो आणि शेवटी ताठ मानेने फासावर जातो, हे पाहून आमचे डोळे भरून आले होते. ते अश्रू खरे होते. पण ज्या सनूसी तरिकतीचे उमर मुख्तार हे शेख होते, त्याच तरिकतीच्या माणसांनी त्यांच्या फाशीच्या पंधरा वर्षे आधी नव्वदेक उपाशी कैदी वाळवंटातल्या एका विहिरीपाशी डांबून ठेवले होते, हे आम्हाला कोणी सांगितले नाही. ते कैदी कसे सुटले आणि त्यांच्या सुटकेची किंमत कोणी मोजली, हेही सांगितले नाही.

आपण मुसलमान इतिहासाकडे जातो ते बहुधा दोन कारणांनी. एक तर अभिमान शोधायला, नाहीतर फिर्याद मांडायला. दोन्ही गोष्टी माणसाच्या स्वभावातच आहेत. पण काही प्रसंग असे असतात की तिथे निव्वळ अभिमान पुरत नाही आणि निव्वळ फिर्यादही पुरत नाही. बीर हकीमचा प्रसंग त्यातला आहे. म्हणून तो नीट, सुरुवातीपासून सांगावा असे आम्हाला वाटते.

'बीर' म्हणजे अरबीत विहीर. बीर हकीम हे गाव नव्हे. आजच्या लिबियाच्या पूर्व भागात, ज्याला सायरेनायका किंवा बरका म्हणतात त्या प्रदेशात, समुद्रापासून आत ओसाड पठारावर जुन्या काळातल्या पाण्याच्या टाक्या आहेत. आजूबाजूला दगड, वाळू आणि खुरटी झुडपे. उंटांचे तांडे पाण्यासाठी थांबत आणि पुढे जात. अशी जागा इतिहासात येण्याचे काही कारण नव्हते. ती एकदा नव्हे तर दोनदा आली, आणि दोन्ही वेळा कैद्यांमुळे तिचा आमच्याशी संबंध जडतो.

प्रथम सनूसींविषयी थोडे सांगायला हवे. सय्यद मुहम्मद बिन अली अस-सनूसी यांचा जन्म १७८७ साली अल्जीरियातल्या मुस्तगानमजवळ झाला. १८३७ मध्ये मक्केत त्यांनी आपल्या तरिकतीची स्थापना केली आणि १८४३ मध्ये सायरेनायकात अल-बैदा येथे त्या प्रदेशातली पहिली झाविया उभी केली. झाविया म्हणजे आपल्याकडची खानकाह म्हणा. मात्र तिथे नुसता जिक्र आणि इबादत नव्हती. मशीद होती, मदरसा होता, मुसाफिरखाना होता, शेतजमीन होती आणि टोळ्या-टोळ्यांतले तंटे मिटवणारा शेखही होता. जिथे सुलतानाचा अंमलदार पोहोचत नव्हता तिथे झाविया पोहोचत होती. वाळवंटातल्या बदूंना शिस्त, अक्षरओळख आणि एकमेकांशी बांधणारा धागा या तरिकतीने दिला. इव्हान्स-प्रिचर्ड या इंग्रज मानववंशशास्त्रज्ञाने १९४९ साली सायरेनायकातल्या सनूसींवर जो ग्रंथ लिहिला, त्यातही या कार्याची सविस्तर दखल आहे.

१९११ साली इटलीने लिबियावर स्वारी केली. पुढच्याच वर्षी तुर्कस्तानने इटलीशी तह केला आणि आपले सैन्य काढून घेतले. मागे राहिले ते सनूसी. तरिकतीचे त्या वेळचे प्रमुख सय्यद अहमद शरीफ यांनी लढा चालू ठेवला. या लढ्याला धान्य, कापड, बंदुका जे काही मिळे ते बहुतांशी पूर्वेकडून, इजिप्तच्या सरहद्दीवरून मिळे. इजिप्तमध्ये अंमल इंग्रजांचा. म्हणजे इंग्रजांशी भांडण करणे सनूसींना परवडणारे नव्हते आणि सय्यद अहमद शरीफ यांना ते पुरते ठाऊक होते.

पण १९१४ चे महायुद्ध सुरू झाले. त्या नोव्हेंबरात इस्तंबूलहून खलिफांच्या नावाने जिहादचा पुकारा झाला. १९१५ च्या मे महिन्यात इटली इंग्रजांच्या बाजूने युद्धात उतरली, आणि सनूसींच्या शत्रूचा दोस्त असलेला इंग्रज आपोआपच शत्रूच्या रांगेत जाऊन बसला. अन्वर पाशांचे भाऊ नूरी बे आणि बगदादचे एक तरुण अधिकारी जाफर अल-अस्करी हे सायरेनायकात येऊन दाखल झाले. जर्मन पाणबुड्या किनाऱ्यावर बंदुका आणि पैसा उतरवू लागल्या. सय्यद साहेब महिनोन्महिने हो-ना करीत राहिले. एकीकडे खलिफांचा शब्द, दुसरीकडे आपल्या माणसांची भाकर. अखेर निर्णय त्यांच्या हातात राहिला नाही. तो समुद्रावर एका पाणतीराने घेतला.

५ नोव्हेंबर १९१५ रोजी इजिप्त-लिबियाच्या सरहद्दीवरच्या सल्लूमच्या आखातात 'तारा' नावाचे इंग्रजी जहाज 'यू-३५' या जर्मन पाणबुडीने बुडवले. 'तारा' हे मूळचे लढाऊ जहाज नव्हे. वेल्समधल्या होलीहेड बंदरातून आयर्लंडला उतारू नेणारी ती आगबोट होती. तेव्हा तिचे नाव 'हायबर्निया' होते. युद्ध सुरू झाल्यावर सरकारने ती ताब्यात घेतली, तोफा बसवल्या, नाव बदलले आणि पहाऱ्यावर पाठवली. खलाशी बहुतेक होलीहेडचेच राहिले. वर्षानुवर्षे एकाच फेरीवर काम केलेली, एकमेकांच्या घरची माणसे ओळखणारी ही मंडळी होती. जहाजावरचे १२ जण मेले. वाचलेल्यांच्या होड्या पाणबुडीने ओढून बार्दिया बंदरात आणल्या आणि त्यांना तुर्क व सनूसींच्या हवाली केले. त्याच पाणबुडीने बुडवलेल्या 'मूरिना' या जहाजावरचे काही लोकही पुढे त्यांच्यात येऊन मिळाले.

आमच्या कोकणातल्या वाचकांना हे चित्र परके वाटू नये. रत्नागिरी जिल्ह्यातल्या किती मुसलमान घरांतून माणसे मुंबईच्या गोदीत जाऊन आगबोटीवर खलाशी म्हणून चढली, याचा हिशेब नाही. त्याच हिवाळ्यात, ३० डिसेंबर १९१५ रोजी, लंडनहून मुंबईला निघालेली 'पर्शिया' ही आगबोट क्रीट बेटाच्या दक्षिणेला दुसऱ्या एका जर्मन पाणबुडीने बुडवली. ५१९ पैकी ३४३ माणसे गेली. त्यात हिंदी खलाशी होते. समुद्रावरच्या युद्धात कोळसा ओढणारा आणि दोर सांभाळणारा माणूस कोणत्याही मुलखाचा असला तरी मरतो सारखाच. होलीहेडचा खलाशी आणि हर्णैचा खलाशी यांत पाणतीर फरक करीत नाही.

'तारा'च्या लोकांना बार्दियाहून आत नेण्यात आले. अनेकांच्या पायात बूट नव्हते. दिवसा ऊन, रात्री हाडे गोठवणारी थंडी, आणि पाणी मोजून. चालत चालत त्यांना बीर हकीमला आणले आणि तिथे ठेवले. कुंपण नव्हते, कोठडी नव्हती. त्यांची गरजही नव्हती, कारण चहूबाजूंनी वाळवंट हीच भिंत होती.

त्यांच्या वाट्याला येई ते थोडे तांदूळ, थोडे सातूचे पीठ, कधीमधी बकरीचे मांस. तेही पुढे पुढे कमी होत गेले. मग ते दगडांखालच्या गोगलगायी वेचून उकळून खाऊ लागले, झुडपांची मुळे खणू लागले. हगवणीने आणि अशक्तपणाने काही जण तिथेच मेले. त्यांचे कॅप्टन ग्वॉटकिन-विल्यम्स यांनी आपल्या माणसांसाठी अन्न-औषध मागणारी पत्रे तुर्की अधिकाऱ्यांना लिहिली. काही निष्पन्न होईना तेव्हा फेब्रुवारी १९१६ मध्ये मदत आणण्यासाठी ते एकटेच रात्री निसटले. पण काही दिवसांत बदूंनी त्यांना पकडले. परत आणल्यावर त्यांना मारहाण झाली. हे लपवण्यात अर्थ नाही. कैद्याला मारणे हा जुलूमच आहे, मग मारणारा कोणत्याही कलम्याचा असो.

पण उपासमारीची हकीकत एवढ्यावर संपत नाही. ते कैदी उपाशी होते आणि त्यांचे पहारेकरीही उपाशी होते. युद्ध पेटताच इजिप्तची सरहद्द बंद झाली आणि किनारा इंग्रजी जहाजांनी रोखून धरला. ज्या वाटेने सायरेनायकाची भाकर येत होती तीच वाट तुटली. इटलीशी चार वर्षे लढून आधीच कंगाल झालेल्या मुलखावर दुष्काळ उतरला. पहाऱ्यावर ठेवलेले लोक हे कुणी कसलेले शिपाई नव्हते. ते आपल्या बायकामुलांसह त्या विहिरीपाशी राहत होते. कैद्यांना ताटात दोन मुठी तांदूळ मिळत तेव्हा पहारेकऱ्याच्या मुलाच्या हातातही फार काही जास्त नसे. ज्या नाकेबंदीने शत्रूला नमवायचे होते, तिने शत्रूकडे असलेल्या आपल्याच माणसांनाही उपाशी मारले. नाकेबंदी करणाऱ्यांच्या हिशेबात ही गोष्ट सहसा मांडली जात नाही.

इकडे किनाऱ्यावर इंग्रजांची फौज सनूसींना मागे रेटीत होती. या फौजेत न्यूझीलंडचे होते, दक्षिण आफ्रिकेचे होते आणि आपल्या हिंदुस्थानातले पंधरावे शीखही होते. २६ फेब्रुवारी १९१६ रोजी अगाजिया येथे इंग्रज घोडदळाने चाल केली. जाफर अल-अस्करी जखमी होऊन पकडले गेले. १४ मार्चला सल्लूम पुन्हा इंग्रजांच्या ताब्यात आले. आणि तिथे, मागे राहिलेल्या कागदांत, कॅप्टन ग्वॉटकिन-विल्यम्स यांचे एक पत्र सापडले. अन्नासाठी केलेल्या त्या अर्जावर ठिकाणाचे नाव होते, बीर हकीम. ज्या अर्जाला उत्तर मिळाले नाही, त्या अर्जानेच पत्ता सांगितला.

नाव कळले, पण जागा कुणाला ठाऊक? इंग्रजांच्या नकाशांचा उपयोग नव्हता. चौकशी करता करता एक वाटाड्या मिळाला. पुष्कळ वर्षांपूर्वी तो त्या भागात गेलेला होता. त्याच्या आठवणीच्या भरवशावर वेस्टमिन्स्टरचे ड्यूक ह्यू ग्रोव्हनर यांनी मोहीम काढली. ड्यूक म्हणजे इंग्लंडच्या सर्वांत श्रीमंत माणसांपैकी एक. त्यांच्या हाताखाली रोल्स-रॉईसच्या चिलखती मोटारींचे पथक होते. पोलादी पत्रे, वर फिरता बुरूज आणि त्यात मशीनगन. त्यांच्याबरोबर फोर्ड गाड्या आणि रुग्णगाड्या अशा चाळिसाहून अधिक मोटारी १७ मार्च १९१६ च्या पहाटे अंधारातच निघाल्या.

सुमारे १२० मैलांचा पल्ला, आणि तोही शत्रूच्या मुलखात, रस्ता नसलेल्या जमिनीवर. दुपार कलू लागली तरी विहीर दिसेना. पेट्रोल परतीपुरतेच होते. वाटाड्या भुलला की भुलवतोय, अशी कुजबुज अशा वेळी होणारच. पण तो माणूस आपल्या म्हणण्यावर ठाम राहिला. त्याला दूरवर खूण पटली आणि थोड्या वेळाने मोटारींतल्या लोकांना उंचवट्यावर माणसे दिसली. अंगावर चिंध्या, हातापायांच्या काड्या झालेल्या. कैद्यांना प्रथम विश्वासच बसेना. मग ते धावले. ज्यांना धावता येत नव्हते ते रांगत आले. गाड्यांतले डबे फोडून ते खाऊ लागले. नव्वदेक माणसे जिवंत परत मिळाली. लढाईच्या तोंडावर, एका दिवसात, आपला एकही माणूस न गमावता. लष्करी दृष्टीने ही कामगिरी अजोड होती. ड्यूकना त्याबद्दल डी.एस.ओ. हा सन्मान मिळाला. होलीहेडच्या घरांत त्या दिवशी जो आनंद झाला असेल त्यात आम्हीही मनापासून सामील आहोत. कुणाचा मुलगा, कुणाचा नवरा मेलेल्यांतून परत यावा, याहून मोठी खुशी जगात कोणती?

पण त्याच वेळी आणखी एक गोष्ट घडली.

चिलखती मोटारी येताच मशीनगनी चालल्या. पहाऱ्यावरचे लोक मारले गेले. त्यांची बायकामुले तिथेच राहत होती. मेलेल्यांत तीही होती. सोडवायला आलेल्यांनी अस्थिपंजर झालेले आपले देशबांधव पाहिले, आणि त्यांना वाटले की हे हाल या लोकांनी मुद्दाम केले. कोण कसे वागले, हे विचारायला वेळ नव्हता. काही मिनिटांत सारे संपले. कैद्यांनी पुढे सांगितले की पहारेकऱ्यांपैकी काही जण त्यांच्याशी माणुसकीने वागले होते. जे त्यांच्याकडे होते तेच त्यांनी दिले होते, आणि त्यांच्याकडे काहीच नव्हते. ग्वॉटकिन-विल्यम्स यांनी १९१९ साली 'प्रिझनर्स ऑफ द रेड डेझर्ट' हे पुस्तक लिहिले. मार खाल्लेल्या त्या माणसाच्या हकिकतीतही या मृत्यूंविषयीची खंत आली आहे. त्यांच्या या प्रामाणिकपणाबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत. ते आणि त्यांचे साथी गप्प राहिले असते तर त्या बायकामुलांचे मरण वाळूखालीच राहिले असते.

तो शुक्रवार होता.

सुटलेल्या प्रत्येक खलाशाचे नाव यादीत आहे. विहिरीपाशी मेलेल्या बायकामुलांची नावे कोणत्याही यादीत नाहीत. वाटाड्यालाही इतिहासाने अर्ध्या ओळीपलीकडे जागा दिलेली नाही. आणि तो वाटाड्या त्याच मुलखातला, त्याच भाषेचा माणूस होता. त्याच्या आठवणीने नव्वद माणसे वाचली आणि त्याच आठवणीने मशीनगनी तिथवर आणल्या. परतीच्या प्रवासात त्याच्या मनात काय चालले असेल, याचा विचार आमच्या मनातून जात नाही.

आता स्वतःला एक प्रश्न विचारावा लागेल. हा प्रसंग वाचून आमचे मन पहिल्यांदा कुठे धावले? खरे सांगायचे तर ते मेलेल्या बायकामुलांकडे धावले, आणि लगेच 'पाहा, इंग्रजांनी काय केले' असे म्हणून मोकळे झाले. गोगलगायी खाणारा होलीहेडचा म्हातारा खलाशी आम्हाला नंतर आठवला. हा क्रम आमचा आहे, आणि आमच्या दीनचा तो क्रम नाही.

पवित्र कुरआनात नेक माणसांचे वर्णन करताना गरीब, यतीम आणि कैदी यांना एकत्रच घेतले आहे. स्वतःला अन्नाची गरज असतानाही त्यांना खाऊ घालणे, हे त्या नेकीचे लक्षण सांगितले आहे. त्या काळात मुसलमानांच्या हाती असलेला कैदी हा बहुधा शत्रूचाच माणूस होता, हे लक्षात घेतले म्हणजे या शिकवणीची उंची कळते. हिजरी सन २ मध्ये बद्रची लढाई झाली. तिथल्या कैद्यांशी चांगले वागा, अशी ताकीद हजरत मुहम्मद पैगंबर (सल्ल.) यांनी दिली. सीरतच्या ग्रंथांत नोंद आहे की सहाबांनी स्वतः खजूर खाऊन कैद्यांना भाकर दिली, कारण मदिनेत भाकर जास्त मोलाची होती. ज्यांच्यापाशी खंडणी नव्हती पण लिहितावाचता येत होते, त्यांनी मदिनेतल्या दहा-दहा मुलांना शिकवावे आणि सुटून जावे, असे ठरले. शत्रूकडूनही अक्षर घ्यायला ज्या पैगंबरांना कमीपणा वाटला नाही, त्यांच्या उम्मतीत कैद्याचा प्रश्न दुय्यम ठरू शकत नाही.

या कसोटीवर बीर हकीमकडे पाहिले तर निकाल एकेरी लागत नाही. ज्या पहारेकऱ्याने आपल्या तुटपुंज्या घासातून कैद्याला दिले तो या शिकवणीला जागला. ज्याने पळालेल्या कैद्याला मारले तो जागला नाही. ज्या अधिकाऱ्यांनी आपल्याजवळ खायला नसताना नव्वद माणसे अडकवून ठेवली आणि पत्रांना उत्तर दिले नाही, त्यांची जबाबदारी सगळ्यांत मोठी. ज्या सरकारने समुद्र अडवला त्याचीही आहे. आणि ज्याने बंदूक रोखण्यापूर्वी समोर मूल आहे की शिपाई हे पाहिले नाही, त्याची तर आहेच. मेले मात्र या साखळीतले सर्वांत खालचे.

वरच्यांचे काय झाले? जाफर अल-अस्करी कैरोच्या किल्ल्यात कैदी होते. तिथून त्यांनी ब्लँकेट बांधून दोर केला आणि उतरून पळायचा प्रयत्न केला. ब्लँकेट फाटली, पाय दुखावला आणि ते पुन्हा पकडले गेले. त्यांना कुणी गोळी घातली नाही. सीरियात जमाल पाशांनी अरब देशभक्तांना फासावर चढवल्याचे कळल्यावर ते तुर्कांची बाजू सोडून अमीर फैसल यांच्या सैन्यात गेले. ज्या इंग्रजांशी लढले त्यांच्याकडूनच त्यांना सन्मान मिळाला. पुढे ते दोनदा इराकचे पंतप्रधान झाले आणि १९३६ च्या लष्करी उठावात मारले गेले. सय्यद अहमद शरीफ यांनी नेतृत्व आपले चुलतभाऊ सय्यद इद्रीस यांच्याकडे सोपवले आणि १९१८ मध्ये ते तुर्कस्तानला निघून गेले. तेही जर्मन पाणबुडीतून. ज्या साधनाने त्यांना युद्धात ओढले त्याच साधनाने ते मुलूख सोडून गेले. १९३३ साली मदिनेत त्यांचे निधन झाले. सय्यद इद्रीस १९५१ मध्ये स्वतंत्र लिबियाचे राजे झाले आणि १९६९ मध्ये पदच्युत झाले. सेनापतीला कैद होते तेव्हा ती एक घटना असते. पहारेकऱ्याचे पोर मरते तेव्हा ती घटनाही नसते.

सुटकेची गोष्ट सांगताना न झालेल्या सुटकांचीही आठवण ठेवायला हवी. बीर हकीमनंतर दीड महिनाही झाला नव्हता तेव्हा, २९ एप्रिल १९१६ रोजी, इराकमधल्या कुत येथे जनरल टाउनशेंड यांची सहावी पुणे डिव्हिजन तुर्कांना शरण गेली. सुमारे तेरा हजार माणसे कैद झाली. त्यात आपल्याकडच्या मराठा पलटणींचे जवान होते. त्यांना सोडवण्यासाठी आधी महिनोन्महिने लढाया झाल्या, हजारो मेले, पण वेढा फुटला नाही. नंतरच्या पायपिटीत आणि मजुरीत असंख्य कैदी गेले. त्यांचे कैद करणारे आमचेच धर्मबंधू होते. तुर्की अंमलदारांनी टाउनशेंड यांना इस्तंबूलजवळच्या बेटावर आरामात ठेवले आणि साताऱ्या-कोल्हापूरकडचा शिपाई मात्र वाळवंटातून चालत राहिला. इथेही वरचा आणि खालचा हा भेद तसाच आहे. हेही आम्हाला चित्रपटाने सांगितले नाही.

आणि मग इटलीची छावणी. उमर मुख्तार यांचा लढा मोडण्यासाठी १९३० पासून सायरेनायकातल्या जबल अख्दरच्या सुमारे एक लाख माणसांना त्यांच्या जनावरांसह हाकलून समुद्रकाठच्या काटेरी तारांच्या छावण्यांत कोंडण्यात आले. सलूक, अल-मगरून, अल-अगेला ही त्यांतली काही नावे. इजिप्तच्या सरहद्दीवर मैलोगणती तारेचे कुंपण घातले गेले, म्हणजे पूर्वेकडची भाकर पुन्हा बंद. भूक, रोगराई आणि फाशी यांत निदान चाळीस हजार माणसे मेली, असे अनेक इतिहासकार मानतात. १६ सप्टेंबर १९३१ रोजी सलूकलाच, कोंडलेल्या हजारो माणसांसमोर, उमर मुख्तार यांना फाशी दिले. या एक लाख कैद्यांसाठी कुणाच्या चिलखती मोटारी आल्या नाहीत. कुणी त्यांची पत्रेही शोधली नाहीत. इटलीने माफी मागितली ती २००८ साली.

बीर हकीमची गोष्ट मात्र अजून एका प्रकरणाची बाकी आहे, आणि ती आमच्या मुलखाची आहे.

१९४२ च्या मे महिन्यात दुसऱ्या महायुद्धात हीच जागा पुन्हा लढाईच्या रेषेत आली. जनरल कोनिग यांची स्वतंत्र फ्रेंचांची ब्रिगेड तिथे सुरुंग पेरून, खंदक खणून बसली होती. तिच्यात आफ्रिकी वसाहतींतले सैनिकही होते. तिच्याजवळच तिसरी हिंदी मोटर ब्रिगेड मोर्चा धरून होती. तिच्यात हिंदू, मुसलमान आणि शीख जवान होते. २७ मेच्या सकाळी रोमेलच्या रणगाड्यांनी या ब्रिगेडवर झडप घातली. हिंदी जवानांपाशी रणगाडे नव्हते. ते लढले आणि चिरडले गेले. अनेक जण कैद झाले. पण या कैद्यांना पाजायला पाणी कुठून आणायचे, हा प्रश्न पकडणाऱ्यांना पडला, आणि त्यांतल्या सुमारे सहाशे जणांना त्यांनी वाळवंटातच सोडून दिले. ही सुटका नव्हती, ती एका परीने मरणाची शिक्षाच होती. तहानेने कासावीस झालेली ती माणसे चालत चालत बीर हकीमच्या फ्रेंच तळाशी पोहोचली.

आत पाणी मोजून होते. वेढा पडायला लागलेला होता. सहाशे तहानलेले लोक आत घेणे म्हणजे आपल्या शिपायांच्या पाण्यात वाटेकरी आणणे. फ्रेंचांनी त्यांना आत घेतले आणि पाणी दिले. पुढे रसदीच्या गाड्या पोहोचल्या तेव्हा त्यांना मागे पाठवण्यात आले. तळ ११ जूनपर्यंत लढत राहिला. पॅरिसमध्ये आज बीर हकीम नावाचा पूल आहे आणि मेट्रोचे स्थानकही आहे. तिथून जाणाऱ्यांपैकी किती जणांना ती विहीर ठाऊक असेल? आणि त्या विहिरीवर झेलमच्या, जयपूरच्या, लुधियान्याच्या बाजूची माणसे एकाच कपातून पाणी प्याली असतील, हे किती जणांना सुचेल? पाच वर्षांनी त्याच माणसांच्या मुलखात सरहद्द आखली गेली. त्या वेळी पाण्याची नव्हे, रक्ताची वाटणी झाली.

एकाच विहिरीवर, सव्वीस वर्षांच्या अंतराने, दोन वेळा कैदी आले. पहिल्यांदा सोडवणाऱ्यांनी आपली माणसे उचलली आणि बाकीच्यांवर गोळ्या झाडल्या. दुसऱ्यांदा परक्यांनी परक्यांना आपल्या वाट्याचे पाणी दिले. पहिल्या घटनेला शौर्याची गाथा म्हटले गेले. दुसरी लढाईच्या वर्णनात एखाद्या ओळीत येते.

आम्ही हा लेख लिहिला तो कोणाच्या शौर्यातून काही वजा करण्यासाठी नव्हे. वेस्टमिन्स्टरच्या ड्यूकनी नव्वद जीव वाचवले ही गोष्ट खरी आहे आणि तशीच राहील. पण आपल्या मुलांना इतिहास सांगताना त्यांना एवढे तरी शिकवावे, की सुटकेची गोष्ट ऐकली की दोन प्रश्न विचारायचे. कोण सुटले? आणि मागे कोण राहिले? मागे राहिलेल्यांत आपले असोत वा परके, त्यांच्यासाठी हात उचलायचे. होलीहेडच्या त्या मेलेल्या खलाशांसाठी, विहिरीपाशी पडलेल्या त्या बायकामुलांसाठी, कुतच्या वाटेवर पडलेल्या मराठा जवानांसाठी आणि सलूकच्या तारांमागे मेलेल्या त्या हजारोंसाठी आमची एकच दुआ आहे. ती वेगवेगळी करता येत नाही.